औषध चालू असताना पाळीव सरड्याचं खाणं: आधी ऊब, मग पाणी, घास शेवटी

औषध सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरडा खाणं सोडतो, आणि घरातलं कोणी ना कोणी त्याच्या तोंडात काहीतरी कोंबायला धावतं. तिथंच चूक होते. गार आणि कोरड्या पडलेल्या सरड्याच्या पोटात गेलेला घास पचत नाही, आतच सडतो. पोट फुगतं, उलटी होते, आणि आजारापेक्षा हे नवं दुखणं भारी पडतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: अंगात ऊब, अंगात पाणी, औषध वेळेवर, आणि या तिन्ही गोष्टी जागेवर आल्या की अन्न.

हे सगळं घरात पाळलेल्या इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको यांच्याबद्दल आहे. घोरपड यात येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पाळणं गुन्हा आहे. जखमी घोरपड सापडली तर वनविभागाला कळवायचं, घरी उपचार करायचे नाहीत. मेळघाटाकडं मिळणारा सातपुड्याचा लेपर्ड गेकोही जंगलातच राहू द्यायचा. इग्वाना घरात असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद झालेली असावी.

खाणं का सुटतं

कारण शोधल्याशिवाय उपाय लागत नाही. औषधाची कडू चव हे एक कारण. मेट्रोनिडाझोल तर इतकं कडू असतं की काही जनावरं नंतर सिरिंज दिसली तरी तोंड मिटून घेतात. एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन झोंबतं, टोचल्या जागी चामडी काळी पडून गाठ येऊ शकते, आणि दुखणारं जनावर खात नाही. इग्वानाचं पचन मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं, त्यामुळं प्रतिजैविकानं ते जंतू मेले की पाला पचत नाही, शेण पातळ होतं आणि भूक मरते. जंताचं औषध दिल्यावर एक-दोन दिवस मंदावणं नेहमीचं आहे.

पण बऱ्याच घरांत खरं कारण औषध नसतंच. आजारी म्हणून पेटी शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवलेली असते, दिवा बंद असतो, दिवसातून चार वेळा हाताळणं चालू असतं. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक घोळ होतो. बिअर्डेड ड्रॅगन थंडीत नैसर्गिकरीत्याच सुस्तावतो आणि खाणं कमी करतो. निरोगी असताना ते चालतं. औषध चालू असताना मात्र त्याला सुस्तावू द्यायचं नाही, कारण गार शरीरात औषध नीट पसरतही नाही आणि वेळेवर बाहेरही पडत नाही.

ऊब

सरड्याला अंगची उष्णता नसते, बाहेरून घ्यावी लागते. पचन, प्रतिकारशक्ती आणि औषधाचा असर या तिन्ही गोष्टी तापमानावर चालतात. डॉक्टरांनी दिलेला डोस योग्य तापमान धरूनच काढलेला असतो.

बिअर्डेड ड्रॅगनला दिव्याखालची बसायची जागा ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागते, गार बाजू २५ ते २९, रात्री २० च्या खाली नको. इग्वानाला दिव्याखाली ३५ ते ३८, बाकी पेटी २७ ते ३२, रात्री २४ च्या आसपास. लेपर्ड गेकोला पोटाखालची फरशी ३१ ते ३३. आजारपणात रात्रीचं तापमान रात्रीच्या या आकड्यांहून थोडं वरच ठेवा. मोजायला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब जनावर जिथं बसतं तिथंच ठेवा. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, सरड्याचं नाही.

विदर्भात वर्षातून दोनदा गणित उलटं होतं. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या घरात दुपारी आतलं तापमानच ४२ च्या वर जातं. तेव्हा पेटीला गार बाजू उरतच नाही, जनावर तोंड उघडं टाकून बसतं आणि खाणं बंद करतं. मालकाला वाटतं औषध मानवत नाही. अशा वेळी दुपारी बारा ते पाच तापवणारा दिवा बंद ठेवायचा, पेटी मातीच्या भिंतीच्या खोलीत जमिनीवर घ्यायची, एका बाजूला ओलं गोणपाट गुंडाळलेला माठ टेकवून ठेवायचा. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. ड्रॅगनला ३० ते ४० टक्के दमट हवा पुरते. कूलरनं कोंदट झालेल्या खोलीत छातीचा संसर्ग वाढतो, आणि औषध बहुधा त्याचंच चालू असतं. इग्वानाला उलट दमटपणा हवा असतो, त्याला ओल्या खोलीचा त्रास नाही.

हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. थर्मोकोलच्या जुन्या खोक्याला हवेसाठी चार भोकं पाडून पेटी त्यात बसवा. रबरी पिशवीत किंवा बाटलीत गरम पाणी भरून, वर जाड फडकं गुंडाळून, खोक्याच्या एकाच कडेला ठेवा, म्हणजे जनावराला नको वाटलं तर दूर सरकता येतं. उघडी गरम बाटली पोटाशी लावली तर भाजतं. सरड्याला चटका उशिरा कळतो.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे: खाऊ घातल्यानंतर निदान दोन-तीन तास ऊब मिळणार असेल तरच खाऊ घाला. गावच्या लाइनचं वेळापत्रक बघून जेवणाची वेळ ठरवा. साडेनऊला लाइन जाणार असेल तर साडेआठचा घास चुकवलेला बरा.

पाणी

डोळे खोल गेलेत, कुशीची चामडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच राहते, तोंडातली लाळ दोऱ्यासारखी ताणते, शेणासोबत येणारा पांढरा खडा पिवळा आणि कडक झालाय. यातलं काहीही दिसलं तर अन्नाचा विचार बाजूला ठेवा. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं आणि अमिकासिनसारखी प्रतिजैविकं कोरड्या शरीरात मूत्रपिंडावर जातात. ही औषधं चालू असताना पाणी कमी पडत असेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

रोज सकाळी कोमट पाण्यात बसवा. पाणी २९ ते ३२ अंश, सरड्याच्या कोपरापर्यंत खोल, पंधरा-वीस मिनिटं. हाताच्या मनगटाला ना गार ना गरम लागेल ते पाणी थोडं गरमच असतं, म्हणून थर्मामीटर घाला. बरेच सरडे त्यातच पाणी पितात आणि शेणही टाकतात. मान टाकलेल्या जनावराला एकटं सोडू नका, दोन बोटं पाण्यातही ते बुडतं.

तोंडानं द्यायचं पाणी दिवसाला किलोमागे १५ ते २० मिली, दोन-तीन वेळांत वाटून. ४०० ग्रॅमच्या ड्रॅगनला म्हणजे ६ ते ८ मिली, दोन किलोच्या इग्वानाला ३० ते ४०, साठ ग्रॅमच्या गेकोला जेमतेम एक मिली. नाकाच्या टोकावर थेंब ठेवला की ड्रॅगन आणि गेको जीभ काढून चाटतात, ही सगळ्यात सुरक्षित पद्धत. वेळ लागतो, लागू द्या. ओआरएस द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात कालवूनच. अंदाजानं चिमूटभर पावडर चमचाभर पाण्यात टाकली तर ते मिठाचं पाणी होतं आणि अंगातलं पाणी उलट खेचतं. फार कोरडं पडलेलं जनावर तोंडानं भरून निघत नाही. त्याला चामडीखाली सलाइन लागतं, आणि ते काम दवाखान्याचं.

वजन

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तीन-चारशे रुपयांत येतो. रोज एकाच वेळी, आंघोळीच्या आणि खाण्याच्या आधी, प्लास्टिकच्या डब्यात बसवून वजन घ्या आणि वहीत लिहा: वजन, काय खाल्लं, किती मिली पाणी, शेण आलं का, औषध किती वाजता. नजरेला सरडा आठवडाभर तसाच दिसतो, काटा मात्र तिसऱ्या दिवशी सांगतो. आठवड्यात पाच टक्के घट झाली तर सावध व्हा, दहा टक्के झाली तर दवाखाना. ४०० ग्रॅमला ही दहा टक्के म्हणजे फक्त ४० ग्रॅम. गेकोच्या बाबतीत शेपटीही बघा. तिच्यात त्याची चरबी साठलेली असते. ती पातळ होत चालली म्हणजे शिल्लक संपत आली.

अंगानं भरलेला मोठा ड्रॅगन आठवडाभर न खाता तग धरतो. तीन-चार महिन्यांचं पिल्लू दोन-तीन दिवसांतच खचतं.

औषध आणि घास वेगळे ठेवा

औषध अन्नात मिसळून देण्याचा मोह होतो. नका देऊ. अर्धी वाटी उरली तर किती औषध गेलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि एकदा कडू लागलेला पदार्थ सरडा महिनाभर तोंडात घेत नाही. आवडीचा एकुलता एक पदार्थ असा वाया घालवू नका. काही औषधं खाण्यासोबत द्यायची असतात, तसं डॉक्टर सांगतील. तेव्हाही आधी औषध सिरिंजनं, मग लगेच घास.

एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन तोंडानं चालू असेल तर कॅल्शियमची भुकटी त्या वेळच्या घासावर भुरभुरू नका. कॅल्शियम औषधाला पोटातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात पोचत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. औषध सकाळी असेल तर कॅल्शियम दुपारच्या घासावर घ्या. इंजेक्शनला ही अडचण नाही. सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकाचं इंजेक्शन सहसा तीन दिवसांतून एकदाच असतं. मधल्या दोन दिवसांत हाताळणं शक्य तेवढं कमी करा आणि खाण्याचे प्रयत्न त्या दिवसांवर ठेवा.

गोठ्यातल्या औषधांना हात लावू नका, हे ठासून सांगायला हवं, कारण ती प्रत्येक घरात हाताशी असतात. शेळीच्या जंताच्या औषधाचा, आयव्हरमेक्टिनचा, एक थेंब जास्त झाला तर सरड्याच्या नसांवर जातो. कासवाला तर ते विषच आहे. गुराढोरांच्या अ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनमध्ये शंभर-दोनशे किलोच्या जनावराचा हिशेब असतो. सरड्याची त्यानं कातडी सोलून निघते. भूक वाढवायचं माणसांचं टॉनिकही नको, दहीही नको. दुधातली साखर पचवायची सोय सरड्याकडं नाही.

किती अन्न लागतं

इथं बहुतेकांचा अंदाज दसपट चुकतो. सरड्याची दिवसाची गरज काढायचं ढोबळ सूत्र असं: किलोतल्या वजनाचा ०.७७ वा घात काढायचा आणि त्याला १० नं गुणायचं, म्हणजे स्वस्थ बसून लागणाऱ्या किलोकॅलरी मिळतात. आजारात त्याच्या दीडपट धरा. ४०० ग्रॅमचा ड्रॅगन: बसून सुमारे ५, आजारात ७ ते ८ किलोकॅलरी. दोन किलोचा इग्वाना: १७, आजारात २५. साठ ग्रॅमचा गेको: जेमतेम सव्वा, आजारात पावणेदोन.

आता हे घासात मोजा. मोठ्या क्रिकेट किड्यात (रातकिड्यात) ग्रॅममागे सुमारे १.४ किलोकॅलरी असते आणि एक किडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ड्रॅगनला दिवसाला दहा-अकरा क्रिकेट पुरतात. सुपरवर्म नावाच्या अळीत ग्रॅममागे २.४, पण ती चरबीच जास्त. उकडलेलं कोहळं (लाल भोपळा) बघा: शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास. ड्रॅगनला नुसत्या कोहळ्यावर जगवायचं तर रोज पस्तीस ग्रॅम पाजावं लागेल, आणि त्याच्या पोटात एका वेळी चारच मिली मावतं. कोहळ्याचा गर पाणी आणि शेण मोकळं करायला चांगला, पोषण म्हणून पोकळ. आठ दिवस कोहळंच पाजूनही वजन का उतरतं, याचं उत्तर हेच.

दहा-बारा दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला पहिल्या दिवशी पूर्ण गरज भागवू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपकन पेशींत ओढलं जातं, जनावर ढिलं पडतं, प्रसंगी मरतं. पहिले दोन दिवस पाव हिस्सा, पुढचे दोन-तीन दिवस अर्धा, मग पाऊण, आठवड्यानं पूर्ण.

पाजायचं कालवण

आजारी शाकाहारी जनावरांसाठी बनवलेली ऑक्सबो क्रिटिकल केअर किंवा एमरएडसारखी पावडर कुरिअरनं मागवता येते. हाताशी ठेवता आली तर उत्तम, कॅलरी पाकिटावरच लिहिलेल्या असतात. पाकीट येईपर्यंत दिवस काढायचे असतील तर इग्वानासाठी गावातच चांगली वस्तू आहे: लसूणघास. ज्याच्या वावरात दुभत्या जनावरांसाठी ती पेरली असेल त्याला फवारणी केलीय का हे विचारून कोवळे शेंडे आणा, धुवा, सावलीत दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा, मिक्सरमधून काढा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. यासाठी भांडं वेगळं ठेवा. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, ते माणसाच्या मिक्सरमध्ये यायला नकोत. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे सगळं काम दुसऱ्यानं करावं आणि साबणानं हात धुवावेत.

दोन चमचे भुकटी पाच-सहा चमचे कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजू द्या. ती फुगते. मग चमचाभर उकडलेल्या कोहळ्याचा गर घालून पुन्हा गाळा. कालवण सुईविना सिरिंजच्या तोंडातून दट्ट्यावर बोट टेकताच उतरलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर कुठंतरी तंतू अडकलाय. तो सुटला की सगळं एकदम घशात फुटतं आणि श्वासनळीत जातं. पाजताना होणारा सगळ्यात मोठा अपघात हाच, आणि तो गाळण्याच्या आळसातून होतो.

ड्रॅगन आणि गेकोसाठी किडे मिनिटभर उकळा, क्रिकेटचे मागचे काटेरी पाय काढा, थोड्या पाण्यात वाटून गाळा. ड्रॅगनच्या वाटणात पाव हिस्सा पाला चालतो, गेकोला नको. कालवण फ्रिजमध्ये एकच दिवस टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर रोज एक खडा काढता येतो. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघा.

इग्वानाला अंडं, दूध, कुत्र्या-मांजराचं खाणं कधीच नको. अशक्तपणा आलाय म्हणून प्रथिनं वाढवली की मूत्रपिंडं जातात आणि सांध्यांत गाठी होतात.

सिरिंजनं पाजणं

दोन माणसं असली तर सोपं जातं. जनावर आधी तासभर दिव्याखाली तापलेलं असावं. जाड टॉवेलात पाय आत घेऊन गुंडाळा, मान मोकळी ठेवा, छाती आवळू नका. सरडा बरगड्या हलवून श्वास घेतो. शेपटीला धरू नका. इग्वानाची आणि गेकोची शेपटी तुटून हातात येते.

डोकं अंगाच्या रेषेत, किंचित वर. आधी नाकावर थेंब ठेवून चाटतो का बघा. चाटत असेल तर तोंड उघडायची गरजच नाही. नाहीतर गळ्याखालची सैल कातडी दोन बोटांनी हळूच खाली ओढा, बहुतेक ड्रॅगन आणि इग्वाना फटीइतकं तोंड उघडतात. सिरिंज ओठाच्या बाजूनं आत घ्या. समोरून सरळ घशाकडं रोखू नका, कारण सरड्याच्या श्वासनळीचं भोक जिभेच्या मुळाशीच उघडं दिसतं. एका वेळी ०.१ ते ०.२ मिली सोडा, गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसली की पुढचा थेंब. बारा मिलीचं काम पंधरा मिनिटांत होत नाही. घाई असेल तर तेवढ्या वेळात जाईल तेवढंच द्या.

पहिल्या वेळी वजनाच्या अर्धा टक्का: ड्रॅगनला २ मिली, मोठ्या इग्वानाला १०, गेकोला ०.३. पचलं, उलटी नाही, शेण आलं, तर दोन दिवसांत एक टक्क्यापर्यंत न्या. नाकातून फेस आला, खरखर आवाज आला किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर थांबा, डोकं खाली करून तोंड पुसा आणि त्या दिवशी पुन्हा काही पाजू नका.

जबडा दाबला तर रबरासारखा वाकतोय, पाय सुजल्यासारखे आहेत, बोटं थरथरतात, तर कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झालीत. अशा जनावराचं तोंड ओढून उघडायचं नाही, जबडा मोडतो. त्याला फक्त चाटवा. नळीनं पाजायचं ते दवाखान्यात, किंवा डॉक्टरांनी समोर करून दाखवल्यावरच.

पाजून झालं की दोन तास हात लावू नका. चार-पाच दिवस आत जातंय आणि खालून काहीच येत नाही असं झालं तर वरून घालणं थांबवून आधी कारण शोधा.

स्वतःहून खायला लावणं

सिरिंज ही आधाराची काठी आहे. रोज पाजण्याआधी एकदा खरं अन्न समोर ठेवायचंच. इग्वाना आणि ड्रॅगनला लाल आणि पिवळा रंग ओढतो. जास्वंदीचं फूल, कोहळ्याचा पिवळा फुलोरा, शेवग्याचा कोवळा पाला, सांबार (कोथिंबीर), दोडका, तुतीचं पान बारीक चिरून द्या. अंबाडी, घोळ, पालक आणि चवळई रोज नको. त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. संत्री या मुलखात मुबलक असली तरी आंबट, साखरेची आणि कॅल्शियमला हलकी. फोडभर चाटायला ठीक, पोट भरायला नाही.

तुतीबद्दल थोडं सविस्तर. जिथं रेशीम शेती होते तिथला तुतीचा पाला सरड्यासाठी जवळपास सोन्याचा, कारण फवारलेला पाला खाऊ घातला तर शेतकऱ्याच्या स्वतःच्याच अळ्या मरतात. म्हणून तो पाला शक्यतो औषधाविनाच असतो. अळ्याही तिथंच मागा. रेशीम अळी मऊ, चरबी कमी, कवच पातळ, आणि तिच्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी; आजारी ड्रॅगनला याहून चांगला घास नाही. ग्रॅममागे कॅलरी मात्र फक्त ०.७ च्या आसपास, म्हणजे ७ किलोकॅलरीला दहा ग्रॅम अळ्या लागतील. संगोपनाच्या रॅकवर चुना आणि निर्जंतुक पावडर टाकतात, तेव्हा आणलेल्या अळ्या एक दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवा आणि मग द्या. पाला रॅकवरचा न घेता शेतातल्या झाडाचा तोडा. अळी सरड्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून फार जाड नको.

धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) नाकतोडे फुकट मिळतात आणि तेच घात करतात. कपाशी-सोयाबीनवर जुलै ते ऑक्टोबर फवारण्या चालतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं विषबाधेनं दगावली होती. तोच डोस खाऊन सुस्तावलेला नाकतोडा सरड्याला पकडायला सोपा असतो. मृगाच्या तोंडावर दिसणारे काजवे तर नुसते दूर ठेवा असं नाही, खिडकी लावून घ्या. त्यांच्या अंगातलं विष हृदयावर जातं आणि एक काजवा ड्रॅगनला मारायला पुरतो.

किडे पेटीत सोडून रात्री विसरू नका. अशक्त सरड्याच्या पापण्या आणि बोटं क्रिकेट कुरतडतात. डोकं चेपलेला किडा चिमट्यानं समोर हलवा, पाच मिनिटांत घेतला नाही तर काढून टाका.

कोवळ्या उन्हात वीस मिनिटं बसवलं की भूक खुलते, शिवाय कॅल्शियम शोषायला लागणारं ड जीवनसत्त्व अंगात तयार होतं. पिंजरा जाळीचा हवा, अर्ध्या भागावर सावली हवी. काचेतून ती किरणं येत नाहीत; उलट उन्हातली काचेची पेटी दहा मिनिटांत भट्टी होते. मे महिन्यात आठच्या आत आटपा.

नागपूर गाठायची वेळ

तालुक्याचा दवाखाना गुरांचा. तिथले डॉक्टर वजन, जखम, सलाइन बघू शकतात, पण सरड्याचा डोस ठरवायला अनुभवी हात लागतो, आणि त्यासाठी बहुधा नागपूरला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडं किंवा वेगळे प्राणी बघणाऱ्या खासगी डॉक्टरांकडं जावं लागतं. पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका: दोनदा उलटी, काळं किंवा रक्ताचं शेण, झटके, मान वाकडी होणं, पोट टणक फुगणं, वजनात दहा टक्के घट. मेट्रोनिडाझोल चालू असताना तोल जाऊ लागला तर पुढचा डोस रोखून लगेच फोन करा.

प्रवासाआधी चार तास पाजू नका, गाडीच्या हेलकाव्यानं उलटी होते. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा. भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल, हिवाळ्यात गुंडाळलेली गरम बाटली, आणि सोबत ती वही व काल पडलेलं शेण डबीत. शेण एका दिवसाहून जुनं नको.

स्वतःहून गरजेच्या निम्मं खायला लागला की सिरिंज दिवसाआड करा, वजन तीन दिवस टिकलं की बंद. औषधाचा कोर्स मात्र खाणं सुरू झालं म्हणून मध्येच सोडायचा नाही. तो संपल्यावर दोन आठवडे काटा चालूच ठेवा आणि जंताचं औषध दिलं असेल तर शेणाची तपासणी पुन्हा करून घ्या.